बादलीचं घनफळ: दोन प्रकारे सरासरी काढली, उत्तरं दोन

मोजपट्टी
बादलीचा आतला व्यास वर ३० सेंमी, तळाला २० सेंमी. उंची ३० सेंमी. सरासरी त्रिज्या १२.५ धरून वृत्तचितीचं सूत्र लावलं तर १४.७३ लिटर येतात. वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊन उंचीने गुणलं तर १५.३२. बरोबर कोणतं?

तिरकी_रेघ
एकही नाही. हा शंकुछेद आहे, म्हणजे टोक कापलेला शंकू. दोन त्रिज्यांचे वर्ग आणि त्यांचा एकमेकींशी गुणाकार, तिन्हींची बेरीज करा: २२५ + १०० + १५० = ४७५. तिला पाय × उंची ÷ ३ ने गुणा. १४,९२३ घन सेंमी, म्हणजे १४.९२ लिटर.

त्रिज्या उंचीबरोबर सारख्या प्रमाणात वाढते, पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. म्हणून पहिली रीत नेहमी कमी दाखवते आणि दुसरी नेहमी जास्त, तीही पहिलीच्या बरोबर दुप्पट चुकीने. इथे १९६ आणि ३९३ घन सेंमी. निमुळतेपणा थोडा असेल तर चालून जातं. तळ टोकदार झाला, म्हणजे पुरता शंकू, तर पहिली २५ टक्के कमी देते आणि दुसरी ५० टक्के जास्त!

घनमूळ
सूत्र पाठ नसेल तर वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि बरोबर मधल्या उंचीवरच्या क्षेत्रफळाची चौपट, यांची बेरीज करा, उंचीने गुणा, ६ ने भागा. शंकुछेदाला हे अचूक लागू पडतं, शंकूला आणि गोलालाही. गोलात वर-खाली शून्य, मधे पाय × त्रिज्येचा वर्ग, उंची त्रिज्येच्या दुप्पट. करून बघा, नेहमीचंच सूत्र निघतं.

आतला_व्यास
सूत्रापेक्षा मोजमापातच जास्त घोळ होतो. टेप बादलीच्या अंगाला लावून मोजली की तिरकस उंची मिळते. इथे ती ३०.४१ सेंमी, म्हणजे उत्तर सुमारे १.४ टक्के जास्त. उंची सरळ उभीच घ्या. आणि त्रिज्येच्या जागी चुकून व्यास घातला तर उत्तर चौपट येतं, गोलात आठपट.

मोजपट्टी
धन्यवाद. मग अर्ध्या बादलीची खूण १५ सेंमीवर करू ना?

तिरकी_रेघ
नको, तिथे जेमतेम ५.९९ लिटर भरतात, म्हणजे ४० टक्के. दोन्ही त्रिज्यांचे घन घ्या, ३३७५ आणि १०००. त्यांची सरासरी २१८७.५, तिचं घनमूळ १२.९८. पाणी अर्धं भरतं तिथली त्रिज्या ही. त्रिज्या ३० सेंमीत ५ ने वाढते, म्हणजे दर सेंमीला ६ सेंमी उंची. २.९८ × ६ = १७.९. खूण तळापासून १७.९ सेंमीवर करा, तीही उभ्या उंचीने.