मार्फन आणि सिझेरियन: नेहमीचं स्पायनल चालेल का?

भूलवाला_कोथरूड:
समजा मार्फन सिंड्रोमची (संयोजी ऊती कमकुवत करणारा जन्मजात आजार, यात महाधमनी फुगून फाटू शकते) पेशंट, ३६ आठवडे, महाधमनीचं मूळ ४३ मिमी, कमरेच्या एमआरआयमध्ये ड्युरल एक्टेशिया (मज्जारज्जूभोवतीचं आवरण, म्हणजे ड्युरा, फुगलेलं). माझं मत: एकाच इंजेक्शनचं स्पायनल (ड्युराच्या आतल्या पाण्यात औषध देऊन भूल) नको. ड्युराची पिशवी फुगलेली, आत पाणी जास्त. नेहमीचं ०.५ टक्के हेवी (त्या पाण्यापेक्षा जड) ब्युपिव्हॅकेन हे भुलीचं औषध २ मिली त्यात पातळ होतं आणि खाली त्रिकास्थीच्या बाजूला साचून बसतं. भूल टी४ पर्यंत (साधारण स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत) चढत नाही. मग पोट उघडल्यावर पेशंट ओरडते, बीपी भडकतं आणि घाईघाईत पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालावी लागते. या महाधमनीसाठी याहून वाईट काही नाही.
एपिड्युरल (ड्युराच्या बाहेर बारीक कॅथेटर ठेवून त्यातून भूल) घाला, एल२-३ ला (कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमध्ये). २ टक्के लिग्नोकेन ३ ते ५ मिलीच्या हप्त्यांत, अर्धा तास लागला तरी लागू दे. आधी आर्टेरियल लाइन (क्षणोक्षणी बीपी दाखवणारी धमनीतली नळी).

सुई_सदाशिव:
एपिड्युरल म्हणजे रामबाण नाही हो! ड्युरा पातळ असतो, टुओहीने (एपिड्युरलच्या जाड सुईने) भोक पडण्याची भीती जास्त. शिवाय स्कोलिओसिससाठी (मणक्याच्या बाकासाठी) पाठीत रॉड घातले असतील तर औषध एका बाजूलाच पसरतं. त्यापेक्षा ठरवून, शांतपणे पूर्ण भूल. लॅरिंगोस्कोपीआधी (नळी घालायला घसा उघडून बघण्याआधी) बीपी उसळू नये म्हणून फेंटॅनिल आणि एस्मोलॉल, बाळाचे डॉक्टर शेजारी उभे. बाळ सुस्त येऊ शकतं.

भूलवाला_कोथरूड:
रॉड असतील तर मान्य. पण एक्स-रे आणि एमआरआय आधी बघायचे ते याचसाठी. भोक पडलंच तर तोच कॅथेटर आत ठेवून ०.५ मिलीच्या डोसांनी कंटिन्युअस स्पायनल करता येतं.

हडपसर_ओटी:
कंटिन्युअस स्पायनलमध्ये हेवी औषध पुन्हापुन्हा देऊ नका. खालीच साचत राहिलं तर कॉडा इक्विनाच्या (मज्जारज्जूच्या टोकाखालच्या जुडग्याच्या) नसांना इजा होते. दोन-तीन डोसांत पातळी चढली नाही तर थांबा. आणि एपिड्युरलच्या टेस्ट डोसमधलं (कॅथेटर चुकीच्या जागी नाही ना हे बघायच्या पहिल्या छोट्या डोसमधलं) अ‍ॅड्रेनलीन गाळा, नाडी पळते.
बाळ बाहेर आल्यावर मेथर्जिन (गर्भाशय आवळणारं औषध) अजिबात नाही, बीपी उसळतं. ऑक्सिटोसिन ड्रिपमधून हळूच. पुण्यातल्या बऱ्याच ओटीत सिस्टर सवयीने मेथर्जिन भरून ठेवतात, तेव्हा ती सिरिंज ट्रेमधूनच काढायला सांगा.

सुई_सदाशिव:
मेथर्जिनचं शंभर टक्के. पण महाधमनीचं मूळ ४५ मिमीच्या वर असेल आणि ओटी २० खाटांच्या नर्सिंग होममधली असेल, तर एपिड्युरल की जीए (पूर्ण भूल) हा वादच नको. कार्डियाक सर्जन आणि बायपास मशीन हाताशी असलेल्या ठिकाणी पाठवा, तेही तारीख ठरवून. कळा सुरू झाल्यावर नव्हे.