मदत हवी आहे: इंदुरातल्या सार्वजनिक वाचनालयावर सोलर

मंडळी, वाचनालयाच्या गच्चीवर २० किलोवॅटचा सोलर बसवायचा आहे, पण मंजूर भार (वीज कंपनीनं जोडणीसाठी मान्य केलेली कमाल वीज) १२ किलोवॅटच आहे. वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही. मग आधी १० चा अर्ज करावा, की भार वाढवून एकदम २० चा? पॅनेल एएलएमएम (सरकारमान्य पॅनेल व उत्पादकांच्या) यादीतलीच घेणार, नाहीतर नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) अडतो. घरगुती अनुदान वाचनालयाला मिळत नाही, हे गृहीत धरलंय.

खरी काळजी सावलीची. जागा साधारण २०० चौरस मीटर लागेल आणि दुपारी तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली दोन-तीन पॅनेलांवर येते. तेवढ्यानं अख्ख्या स्ट्रिंगचं (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांच्या साखळीचं) उत्पादन घसरतं. ती पॅनेलं वेगळ्या एमपीपीटीवर (इन्व्हर्टरच्या स्वतंत्र इनपुटवर) घ्यावीत की ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलचं उत्पादन वेगळं सांभाळणारं उपकरण) लावावेत? कुणी सरकारी शाळेवर किंवा दवाखान्यावर हे काम केलं असेल, तर कृपया नक्की सांगा.