जीडीपी पाठ करून कसा कळणार?

अर्थशास्त्राच्या ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ दीडपट वेगाने संपवले तरी जीडीपी (देशात वर्षभरात नव्याने तयार झालेल्या अंतिम वस्तू-सेवांची एकूण किंमत) डोक्यात शिरत नाही, अशी एकाची तक्रार आहे. व्याख्या घोकण्यापेक्षा ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचे घरांचे व्यवहार लावून बघा. नव्या टॉवरचं बांधकाम जीडीपीत येतं, तेही गुंतवणूक म्हणून. शेजारच्या जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट कोटीला गेला तरी ती किंमत मोजत नाहीत. एजंटची दलाली मात्र त्या वर्षात धरतात. (दलाल खूश, जीडीपीही खूश!) क्विझमध्ये हमखास इथेच गंडवतात.

कोर्स अमेरिकन कॉलेजचा असेल तर क्विझमध्ये महागाईचं लक्ष्य फेडचं (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचं), म्हणजे 2 टक्केच लिहा. आपल्या रिझर्व्ह बँकेचं 4 टक्के, वरखाली 2, हे 2016 पासूनचं वेगळं प्रकरण. शिवाय फेडला रोजगारही सांभाळायचा असतो.