मदत हवी आहे: मार्सेयचे बिनचित्राचे पत्ते वाचताना रायडर-वेट मधे येतं

नमस्कार मंडळी. नागपुरात टॅरो (भविष्य सांगायचे पत्ते) वाचन करते. आधी रायडर-वेट-स्मिथ (१९०९ चा, प्रत्येक पत्त्यावर प्रसंगचित्र असलेला गठ्ठा), मग थोथ (अंकांच्या पत्त्यांवर शीर्षकं असलेला), आता मन मार्सेयवर (फ्रेंच परंपरेचा, अंकांच्या पत्त्यांवर फक्त चिन्हं असलेला) बसलंय. कॉनव्हेर या फ्रेंच पत्तेकाराच्या पद्धतीचा गठ्ठा आहे. २२ मोठे पत्ते (नावं आणि आकृत्या असलेले) सुरेख बोलतात. ८ वर न्याय, ११ वर शक्ती हा क्रमही अंगवळणी पडलाय. अडतंय ते एक्का ते दश्शी या ४० पत्त्यांवर.

नाण्यांची पंजी घ्या. चार कोपऱ्यांत चार नाणी, मधे एक, भोवती वेलबुट्टी, बस्स. पण डोळ्यांपुढे रायडर-वेटचंच चित्र येतं: बर्फातून चाललेले दोघे गरीब, वर चर्चची उजळलेली खिडकी. थोथमधलं ‘चिंता’ हे शीर्षकही मधेच डोकावतं. तोच अर्थ इथे चिकटवणं मला अजिबात पटत नाही.

उलटे पत्ते बंद केलेत, कारण नाण्यांचे बरेच पत्ते कसेही धरले तरी जवळपास सारखेच दिसतात. फक्त ४० पत्त्यांवर सराव केला. अंक अधिक रंग (नाणी, पेले, तलवारी, दंड यांपैकी एक) हे सूत्रही वापरलं, पण गोची तिथेच आहे: गोल्डन डॉन या इंग्रजी गूढपंथाच्या परंपरेत पाच म्हणजे संघर्ष, तर मार्सेय वाचणाऱ्या काहींच्या मते चाराची चौकट ओलांडून पुढे टाकलेलं पाऊल.

वाचन समोरासमोर, मराठीत, वीसेक मिनिटांचं असतं. कबालाचा (ज्यू गूढविद्येचा) आधार नको आणि जुन्या गठ्ठ्याकडे परतायचंही नाही.

तीन पत्त्यांच्या ओळीत दोन मोठ्या पत्त्यांमधे ही पंजी आली, तर तुम्ही आधी काय बघता: अंक, रंग, की शेजारच्या आकृतीची नजर? आणि पाचाचा कुठला अर्थ धरता?