रोमिंग प्रोफाइल लावल्यापासून लॉगिन संपतच नाही

नवा_अॅडमिन:
मंडळी, फाइल सर्व्हरवर सगळ्यांचे होम फोल्डर (प्रत्येकाच्या फाइलींचा स्वतंत्र फोल्डर) केलेत, अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कवरच्या युजर खात्यांची नोंदवही) युजरच्या प्रोफाइल टॅबवरून एच ड्राइव्ह दिलाय, तिथवर मस्त चाललंय. पण रोमिंग प्रोफाइल (युजरची सेटिंग्ज आणि फाइली सर्व्हरवर ठेवून तो बसेल त्या मशीनवर आणायची सोय) चालू केली आणि काहींना लॉगिनला चहा पिऊन येईपर्यंत वेळ लागतोय, वर सर्व्हरवर फोल्डरच्या नावापुढे .व्ही६ लागलंय जे मी दिलेलंच नाही, आणि मी अॅडमिन असून त्यात शिरलो की अॅक्सेस डिनाइड. त्या फोल्डरची ओनरशिप, म्हणजे मालकी, घेऊन टाकू का सरळ?

सर्व्हरकाका:
थांबा जरा! ओनरशिप घेताना जुन्या परमिशन उडवल्या तर युजरच बाहेर राहतो आणि त्याला टेम्पररी प्रोफाइल (लॉगऑफ केलं की पुसली जाणारी) मिळते. .व्ही६ विंडोज १० स्वतः लावतं, ७ ला .व्ही२ असायचं, म्हणजे दोन्हीकडच्या प्रोफाइल एकमेकींत मिसळत नाहीत. प्रोफाइलच्या पाथमध्ये शेवटी नुसतं %युजरनेम% ठेवा, त्या जागी युजरचं नाव आपोआप येतं. अॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपला परमिशन द्यायची ग्रुप पॉलिसी (अनेक मशीनना एकदम लावायची सेटिंग) आहे, ती क्लायंट मशीनना, म्हणजे युजर बसतात त्या पीसींना, लावायची, सर्व्हरला लावून उपयोग नाही, आणि ती फक्त नव्याने बनणाऱ्या फोल्डरना लागते.

बॅकअपवाली:
लॉगिन स्लो आहे कारण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं प्रोफाइलमधून ये-जा करतंय. फोल्डर रिडायरेक्शनने (फोल्डरची जागा सर्व्हरवर वळवायची सोय) हे दोन्ही होम फोल्डरमध्ये वळवा, प्रोफाइल आपोआप हलकी होईल. तिथे युजरला एक्सक्लुझिव्ह राइट्स (फक्त त्यालाच प्रवेश) द्यायची टिक आधीपासूनच असते, ती आधी काढा, नाहीतर परत अॅक्सेस डिनाइडचं हेच रडगाणं. प्रोफाइलचा शेअर होमपासून वेगळा ठेवा, त्यावर ऑफलाइन कॅशिंग (फाइलींची प्रत पीसीवर साठवणं) बंद. होमवर कोटा (जागेची मर्यादा) खुशाल लावा पण प्रोफाइलवर लावताना जपून, जागा भरली की लॉगऑफला सिंकच होत नाही आणि युजर म्हणतो माझी सेटिंग्ज गेली.

नवा_अॅडमिन:
टिक तशीच होती, काढली. मग अॅपडेटा (प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज ठेवतात तो फोल्डर) पण वळवू का, म्हणजे प्रोफाइलमध्ये काहीच उरणार नाही?

सर्व्हरकाका:
नको. त्यातला लोकल फोल्डर तर तसाही रोम होत नाही, आणि त्यातलाच रोमिंगवाला नेटवर्कवर टाकला की काही प्रोग्रॅम प्रत्येक क्लिकला सर्व्हरकडे धावतात. आणि एक, रिडायरेक्शन लावल्यावर पहिल्याच लॉगिनला काही दिसलं नाही तर घाबरू नका, बऱ्याचदा दुसऱ्या लॉगिनला लागू होतं.