मुखकर्करोग: वर्षभराच्या अभ्यासात मोजायचं काय?

पळसगाव
प्रबंध करायचाय: जिल्हा रुग्णालय, मुदत एक वर्ष, मदतीला एक समाजसेवक. वर्षाला मुखकर्करोगाचे साधारण 120 रुग्ण येतात. गाईड म्हणतात, तपासणी शिबिरं घ्या आणि त्यामुळे आयुष्य वाढतं हे दाखवा. मला उपचारानंतरचं जगणं, म्हणजे जगण्याचा दर्जा, मोजावंसं वाटतं. कशाला हात घालू?

आकडेमोड
शिबिरांचा नाद सोडा. तपासणीचा खरा निकष मृत्यू, आणि त्याला माणसंही लागतात, वर्षंही. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी 1,31,746 बायका चार गटांत घेतल्या होत्या. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीच्या गटात मृत्यू 34, नेहमीच्या सेवेच्या गटात 64. तुमच्या 120 मध्ये काय दिसणार?
शिवाय 'निदानानंतर किती जगले' हा आकडा शिबिरात फसवतो. रोग दोन वर्षं आधी सापडला, माणूस त्याच तारखेला गेला, तरी कागदावर आयुष्य दोन वर्षांनी वाढतं.

रानजाई
जगणं मोजा. ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी30 ही जगण्याच्या दर्जाची प्रश्नावली आणि तिची डोके-मानेची पुरवणी घ्या. मराठी प्रत त्यांच्याकडूनच मागवा, घरी भाषांतर नको. सगळे 120 मात्र मिळणार नाहीत. शस्त्रक्रिया आणि सहा आठवड्यांचं रेडिएशन यांतच तीनेक महिने जातात, पुढे किमान तीन हवेत. म्हणजे अभ्यासात नवे रुग्ण घेणं चार-पाच महिन्यांत बंद.
नेहमी घोळ होतो तो गुणांचा. सगळं 0 ते 100, पण कार्यक्षमतेत गुण वाढले तर चांगलं, लक्षणांत वाढले तर वाईट. दोन्हींची एकत्र सरासरी काढली की निकाल मातीत. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवा, उत्तर सोबतच्या मुलाकडून घेऊ नका.

आकडेमोड
आणि न आलेल्यांचं काय? फार आजारी असतात तेच गळतात, मग उरलेल्यांची सरासरी आपोआप 'सुधारते'. प्रत्येक रिकाम्या फॉर्मवर कारण लिहा: वारला, उठवत नव्हतं, भाड्याला पैसे नव्हते, की आपणच द्यायला विसरलो.

रानजाई
तोंड किती उघडतं तेही मोजा, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. 35 किंवा कमी असेल तर तोंड आखडलेलं धरतात. गुटखा खाणाऱ्यांचं आधीपासूनच आखडलेलं असतं, त्यामुळे उपचाराआधीचं माप नसेल तर सगळं खापर रेडिएशनवर फुटतं. पुढचे दात नसतील तर तशी नोंद करून ते वेगळे ठेवा.

पळसगाव
गाईड शिबिरांवर अडूनच बसले तर?

आकडेमोड
मग मृत्यूचं नाव काढू नका. संशयितांपैकी बायोप्सीपर्यंत किती पोचले, किती दिवसांनी, आणि बाकीचे कुठे अडकले एवढंच मोजा. वर्षात होतं.