रात्री डबे रिकामे, दिवसभर उपास: बहिणीला आधी कोणाकडे न्यावं?

सांजवात

धाकट्या बहिणीबद्दल विचारायचं आहे. वय २०, पुण्यात हॉस्टेलला असते, दिवाळीसाठी साताऱ्याला घरी आली आहे. नवरात्रात नऊ दिवस उपास धरले, तेही साबुदाणा-बटाटा न घेता, नुसतं ताक आणि फळं. तेव्हापासून असं चाललंय: सकाळी कोरा चहा, दुपारी "भूक नाही", रात्री सगळ्यांबरोबर बसून अर्धी पोळी. मग साडेअकरा-बारानंतर स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजतात. परवा चिवड्याचा मोठा डबा एका रात्रीत निम्म्यावर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडकडीत उपास आणि गच्चीवर दीड तास चालणं.

वजन चारचौघींसारखंच आहे, त्यामुळे हा आजार वगैरे असेल असं घरात कोणालाच वाटत नाही. आईने फराळाचे डबे उचलून माळ्यावर टाकलेत. हे नुसतं खा-खा आहे की दाखवायला हवं? दाखवायचं तर आधी कोणाकडे: फॅमिली डॉक्टर, डाएटिशियन की मानसोपचारतज्ज्ञ? आणि तोवर घरात काय करायचं?

निग्रहराव

सवयीचा प्रश्न आहे, उगाच डॉक्टरांच्या दारात नेऊ नका. फराळ घरात ठेवूच नका. दिवसात दोनदाच पोटभर जेवण, मधे काही नाही, रात्री सातनंतर स्वयंपाकघर बंद. महिनाभर मन घट्ट केलं की होतं सगळं सुरळीत.

स्टेथो_आणि_चहा

निग्रहराव, इतरांना हे मानवत असेल, पण या मुलीला नेमकं हेच बाधेल. तिच्याकडे निग्रह कमी नाही, नऊ दिवस ताकावर काढलेत तिने! रात्रीचा डबा दिवसभराच्या रिकाम्या पोटातून येतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्या पुरुषांना आधी खाण्याचा कसलाही त्रास नव्हता. तरी ते स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागले, दिवसभर अन्नाचाच विचार करायला लागले, आणि पुन्हा मोकळेपणी खायला मिळाल्यावर कित्येकांना खाताना थांबताच येईना. शरीराला दुष्काळ दिसला की ते असंच वागतं.

सांजवात, दाखवायला हवंच. थोड्या वेळात खूप खाणं, खाताना हात आवरत नाही असं वाटणं, आणि नंतर ते 'फेडायला' उपास किंवा अति व्यायाम, असं आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने चाललं की त्याला बुलिमिया म्हणतात. उलटी असायलाच हवी असं नाही, उपासही त्यात मोजतात. वजन बहुधा नेहमीसारखंच राहतं, म्हणून तर घरच्यांच्या लक्षात यायला वर्षं जातात. नवरात्रापासून तीन महिने झाले नाहीत हे खरं, पण हॉस्टेलवर त्याआधी काय चाललं होतं ते तुम्हाला कुठे माहीत आहे? आणि निकष पुरे होईपर्यंत थांबण्यात काहीच शहाणपण नाही.

क्रम असा ठेवा. पहिली भेट फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिनकडे, शरीर तपासायला. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ. डाएटिशियन त्यांच्या सल्ल्याने, एकट्या नव्हेत. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच दिवशी हातात वजन कमी करायचा तक्ता पडण्याची भीती असते आणि आजाराला डॉक्टरी सही मिळते. पाळी अनियमित म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलेल्या मुलींचं हे फार होतं. पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास) निघतं, "पाच किलो उतरव" सांगितलं जातं, आणि खाण्याबद्दल कोणी विचारतच नाही.

तपासण्या: सीबीसी, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन, साखर, थायरॉईड आणि एक ईसीजी. रक्तदाब आणि नाडी आडवं असताना व उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा बघायला सांगा. पोटॅशियम ३.५ च्या खाली आलं तर तो रिपोर्ट उद्यावर ढकलायचा नाही, हृदयाचे ठोके त्यावर चालतात. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, विश्रांतीत नाडी मिनिटाला ५० च्या खाली, किंवा मरणाची भाषा, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. रिपोर्ट नॉर्मल आले तर मात्र "काही नाही झालेलं" असा अर्थ काढू नका. अशा मुलींचे रिपोर्ट बरेचदा नॉर्मलच असतात.

डॉक्टरांपुढे गेल्यावर तोंडातून "अशक्तपणा वाटतो" एवढंच निघतं आणि टॉनिक घेऊन परत येणं होतं. म्हणून चिठ्ठी लिहून न्या: आठवड्यातून किती रात्री हे होतं, उपास किती, व्यायाम किती, उलटी किंवा जुलाबाच्या गोळ्या आहेत का, शेवटची पाळी कधी, चालू औषधं कोणती. वर एक ओळ ठळक: "वजन कमी करण्यासाठी आलेलो नाही, खाण्याच्या आजाराची तपासणी हवी आहे."

जायफळ

वरच्यात भर. उपचार म्हणजे काय हे आधी माहीत असलं की बहीण कमी बिचकेल. यात सर्वात जास्त अभ्यासलेला उपचार म्हणजे खाण्याच्या आजारांसाठी बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलून करायची थेरपी. साधारण २० आठवडे, २० सत्रं. त्यात बालपण उकरत बसत नाहीत, पहिले काही आठवडे जेवणाच्या वेळा आणि नोंदवही यावरच काम चालतं. औषध लागलंच तर फ्लुओक्सेटिन, आणि बुलिमियात त्याचा डोस नैराश्यापेक्षा जास्त, ६० मिलिग्रॅमपर्यंत, हळूहळू वाढवत नेतात. त्यामुळे मेडिकलवाला "एवढा डोस?" म्हणाला तर घाबरून अर्धी गोळी करू नका. ब्युप्रोपिऑन हे औषध मात्र या आजारात टाळतात, झटके येण्याचा धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टरांपासून उलट्या लपवायच्या नाहीत.

थेरपिस्ट शोधताना दोन प्रश्न फोनवरच विचारा: आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, आणि खाण्याच्या आजारांवर सीबीटी केली आहे का. "समुपदेशक" ही पाटी कोणीही लावतो. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, साताऱ्यात जिल्हा रुग्णालयात विचारा. सत्रं पुढे ऑनलाइन चालू शकतात, कारण सुट्टी संपली की ती परत हॉस्टेलला जाणार. आज रात्रीच कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

एक व्यवहाराची गोष्ट. ती सज्ञान आहे. काय बोलणं झालं ते डॉक्टर तिच्या संमतीशिवाय तुम्हाला सांगणार नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. आईला हे आधीच समजावा, नाहीतर केबिनच्या दारातच भांडण. त्याच कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. पॉलिसी असेल तर दाखल होण्याचा खर्च त्यात बघा, ओपीडीचा बहुधा बसत नाही.

मापटं

घरात काय करायचं ते मी सांगते.

पहिलं, माळ्यावरचे डबे खाली. कुलूपबंद अन्नाची ओढ दुप्पट होते, आणि तिला कळतं की घरात आपण चोर ठरलोय. पण डबा सताड समोर ठेवून "घे गं, मन मारू नकोस" असंही नको. त्याची पद्धत पुढे येतेच.

दुसरं आणि सगळ्यात मोठं काम, घड्याळ. तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक लागली का हे विचारायचंच नाही. तिची भूक सध्या बिघडलेल्या काट्यासारखी आहे, त्यावर विसंबता येत नाही. ८ वाजता पोह्यांची किंवा उपम्याची भरलेली बशी आणि दूध, चहा-खारी म्हणजे नाश्ता नव्हे. ११ ला केळं आणि मूठभर शेंगदाणे. १ वाजता पोळी, भाजी, वरण-भात, दही. नुसती कोशिंबीर आणि ताक असलं ताट चालणार नाही, भात आणि पोळी दोन्ही हवं. ४:३० ला चहाबरोबर खरंखुरं काहीतरी, थालीपीठ किंवा गूळपोळी. ८ ला जेवण. १० ला दूध आणि खजूर. सुरुवातीला पूर्ण माप जाणार नाही, अर्धं गेलं तरी चालेल, पण वेळ चुकवायची नाही. आधी वेळा बसतात, मापं मागून येतात.

बिघडतं कुठे तर रात्री अती खाणं झालं की दुसऱ्या सकाळी नाश्ता टाळला जातो. तो एक नाश्ता टाळला की त्या रात्रीच्या डब्याची तयारी झाली म्हणून समजा. म्हणून नियम एकच ठेवा: काल रात्री काहीही झालेलं असो, ८ वाजता पोहे. पोट जड वाटेल, गॅस होईल, आठवडा-दोन आठवडे पोट फुगल्यासारखं राहील. उपासांनी आतड्यांचा वेग मंदावलेला असतो, तो परत यायला वेळ लागतो. ती "बघ, जाडी झाले" म्हणेल. तेव्हा वाद घालू नका, "हे दोन आठवडे असं राहणार आहे" एवढंच सांगा.

पण सलग पाच-सहा दिवस ती जवळजवळ काहीच खात नसेल तर माझ्या या वेळापत्रकाने घरी सुरुवात करू नका. उपाशी शरीराला एकदम खाऊ घातलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि जीवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीतच.

नोंदवही: किती वाजता, काय खाल्लं, कुठे बसून, त्याआधी मनात काय होतं. चार रकाने. कॅलरी नाही, ग्रॅम नाही. लगेच लिहायचं, रात्री आठवून लिहिलेली वही खोटी असते. वही तिची, तुम्ही वाचायची नाही. मोबाईलमधलं कॅलरी मोजायचं अ‍ॅप काढायचं, वजनकाटा शेजाऱ्यांकडे. वजन घ्यायचंच तर आठवड्यातून एकदा, दवाखान्यात.

रात्रीची ती वेळ: ओढ लाटेसारखी येते आणि बहुधा १५-२० मिनिटांत ओसरायला लागते. तेवढा वेळ हात गुंतलेले हवेत. मैत्रिणीला फोन, अंघोळ, उद्याच्या रांगोळीचे ठिपके काढणं, काहीही. "टीव्ही बघ" नको, टीव्हीसमोर हात मोकळाच राहतो. आठवडाभर कोणीतरी साडेबारापर्यंत तिच्या खोलीत गप्पा मारत बसलं तर उत्तम. पहारा नव्हे, सोबत.

आता फराळ. वेळा बसायला लागल्या की साडेचारच्या चहाला, सगळ्यांबरोबर बसून, बशीत वाढून: एक लाडू, एक चकली, थोडा चिवडा. डब्यातून उभ्या-उभ्या नाही, आणि रिकाम्या पोटी तर नाहीच. दुपारचं जेवण नीट झालेलं असेल त्याच दिवशी. लाडू खाल्ला आणि आभाळ कोसळलं नाही, हे तिला चार-पाच वेळा अनुभवावं लागतं. आणि येत्या कार्तिकी एकादशीला तिला उपास नको. आजारी माणसाला उपास माफ असतो हे आजीच्या तोंडून आलं तर सोन्याहून पिवळं.

दगडी_पाटा

बोलायचं कसं, त्यावर थोडं. ताटावर बसल्यावर हा विषय कधीच नाही. "बारीक झालीस", "आता कशी छान भरलीस" दोन्ही बंद. दुसरं तर कौतुक म्हणून म्हणतात, पण तिला त्यात 'जाडी' ऐकू येतं. भाऊबीजेला येणाऱ्या आत्या-मावश्यांना फोन करून हे आधीच सांगून ठेवा, तिथेच आठवड्याची मेहनत वाया जाते.

संध्याकाळी चालायला जाताना, दोघीच असताना, दिसलं तेवढंच बोला: "दिवसभर तू काही खात नाहीस आणि रात्री तुला त्रास होतो, हे मला दिसतंय. मी रागावलेली नाही. डॉक्टरांकडे वेळ घेते, मी बरोबर येईन." चिवड्याच्या डब्याचा पुरावा काढू नका. नाही म्हणाली तर "बरं" म्हणा आणि चार दिवसांनी पुन्हा विचारा.

सांजवात

सगळ्यांचे आभार. डबे काल खाली आणले. दगडी_पाटा, तुमचंच वाक्य जवळपास तसंच वापरलं. ती रडली आणि म्हणाली की उलट्याही करते, आठवड्यातून दोन-तीनदा, जूनपासून. दातांना थंड लागतं म्हणते. मंगळवारची वेळ मिळाली आहे. तोवर काय?

स्टेथो_आणि_चहा

जूनपासून आहे, म्हणजे निदानाचा प्रश्न फारसा उरत नाही. मंगळवारपर्यंत थांबू नका, पोटॅशियम आणि ईसीजी उद्याच करून घ्या, फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देतील. पायात गोळे येतात का, धडधडतं का, हे आजच विचारा. हो म्हणाली तर उद्याचीही वाट नको. जुलाबाच्या गोळ्यांबद्दलही थेट विचारा. त्या मोठ्या आतड्यावर चालतात, अन्न तोवर लहान आतड्यात शोषून झालेलं असतं. जातं ते पाणी आणि पोटॅशियम. उलट्यांबरोबर त्याही असतील तर धोका दुप्पट.

मरणाचे विचार येतात का, हेही सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत.

जायफळ

दातांचं: उलटी झाल्यावर लगेच ब्रश नाही. आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, ब्रशने घासून निघतं. पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरायची, ब्रश तासाभराने, मऊ केसांचा. फ्लोराइडची पेस्ट. दंतवैद्यांना कारण खरं सांगायचं, वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघून त्यांना बहुतेक कळतंच.

सांजवात

उद्या सकाळी नेते. लॅबवाले म्हणतात फुल बॉडी पॅकेज घ्या, स्वस्त पडतं, १२ तास उपाशी या.

मापटं

ते पॅकेज नको! वर लिहिलेल्या तपासण्यांना उपाशीपोट लागत नाही. साखरेसाठी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करा, त्यालाही लागत नाही. ८ वाजता पोहे खाऊन मगच निघा.